केसांचा विमा

गेल्या श्रावणातली गोष्ट. रविवार होता. बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि मी द्वितीय वर्षाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते. इतक्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. बरी आहेस का, पाऊस आहे का, असे काही नाही. एकदम म्हणाली, "ताई, असशील तशी ये. हिला मॉडेल व्हायचंय!"

'मॉडेल' हा शब्द तिने अशा काही आवाजात उच्चारला की, मुलगी जणू भगवी वस्त्रे नेसून हिमालयात निघाली आहे. मी छत्री घेतली आणि गेले.

घरात सुतकी शांतता होती. मेहुणे बँकेत अधिकारी. ते एका कागदावर काहीतरी आकडेमोड करीत बसले होते. पाहिले तर मुलीने पदवी घेऊन नोकरी धरली तर साठाव्या वर्षी तिच्या भविष्यनिर्वाह निधीत किती जमेल, याचा तो हिशेब होता. भाची खिडकीत. वय वीस. बी. कॉम.चे शेवटचे वर्ष. गावातल्या एका सराफी पेढीच्या जाहिरातीसाठी गंमत म्हणून तिने चार छायाचित्रे काढून घेतली होती. ती पाहून मुंबईच्या एका जाहिरात संस्थेने तिला बोलावणे धाडले होते. तीन वर्षांचा करार, मुंबईत मुक्काम. साहजिकच परीक्षा बारगळणार.

"अगं, परीक्षा तर देशील की नाही?" मी विचारले.

"मावशी, परीक्षा पुढच्या वर्षीही देता येते," ती शांतपणे म्हणाली. "चेहरा पुढच्या वर्षी हाच राहील का?"

आता याला काय उत्तर द्यायचे? बहीण माझ्याकडे पाहू लागली. आमच्या घराण्यात असा समज आहे की, जिने एम. ए. केले तिला सगळ्यातले सगळे कळते. कोणाच्या भाडेपट्ट्याचा प्रश्न असो की कोणाच्या पित्ताचा, मराठीच्या प्राध्यापिकेला विचारायचे! पण या वेळी मला घाम फुटला त्याचे कारण वेगळे होते. हा प्रश्न मला पूर्वी एकदा पडला होता आणि त्याचे उत्तर माझ्या वतीने दुसऱ्याच कोणी देऊन टाकले होते.

अण्णांचे टॉवेल

१९९८ साल. मी तेव्हा कॉलेजात होते. स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून, नथ घालून मी कसल्याशा नाचात उभी राहिले होते. तिथल्या फोटोग्राफरने काढलेले माझे छायाचित्र गावातल्या एका कापडदुकानदाराच्या हाती लागले. त्या सद्गृहस्थाने मला न विचारता, न सांगता, ते पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर छापून टाकले. दिवाळीत कॅलेंडरे वाटायला सुरुवात झाली आणि शेजारच्या काकूंनी त्यातले एक आणून आईला दाखवले.

अण्णा तडक दुकानात गेले. म्हणाले, "ही सगळी कॅलेंडरे मला द्या." दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, कॅलेंडर विकायचं नाही. खरेदीवर एक फुकट." अण्णा हट्टाला पेटले. त्यांनी दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू कोणती ते विचारले आणि उरलेल्या कॅलेंडरांइतके टॉवेल घेतले. दोन डझन! आमच्या घरात पुढची सात-आठ वर्षे टॉवेल विकत घ्यावा लागला नाही.

त्या रात्री अण्णा मला ओरडले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "श्रावणात पेपरात वाचलंस ना त्या पर्सिस खंबाटाबद्दल? जगभर फिरली, डोकं भादरून घेतलं, आणि शेवटी काय मिळालं?"

त्याच वर्षी १८ ऑगस्टला पर्सिस खंबाटा मुंबईत हृदयविकाराने गेली होती. पन्नाशीला दीड महिना कमी होता. आईने ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती आणि "बिचारी!" म्हणून पान उलटले होते. अण्णांच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. पण ते कॅलेंडर मला आवडले होते का, हेही मला कोणी विचारले नाही. चोवीसांपैकी एक मी गुपचूप काढून ट्रंकेच्या तळाशी ठेवले, इतकेच.

भाचीच्या घरात बसल्यावर माझ्याही जिभेवर तेच वाक्य आले: "अगं, त्या पर्सिस खंबाटाचं काय झालं, ठाऊक आहे का?" पण शिक्षकी पेशाने एक सवय लावली आहे. दाखला द्यायचा तर तो आधी नीट वाचलेला हवा. आणि हा दाखला तर मी पंचवीस वर्षांत एकदाही उघडून पाहिला नव्हता. मी बहिणीला म्हटले, "मला आठ दिवस दे."

तेराव्या वर्षीचा साबण

पर्सिसचा जन्म मुंबईचा, पारशी घरातला; २ ऑक्टोबर १९४८. तेरा वर्षांची असताना तिची छायाचित्रे रेक्सोना साबणाच्या जाहिरातीत आली आणि हा चेहरा घरोघर पोहोचला.

साबण आणि सुंदर चेहरा यांचे नाते आपल्याकडे त्याच्याही आधीचे आहे, आणि त्यात एक मराठी नाव आहे. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय तारका म्हणजे लीला चिटणीस. त्या पदवीधर, 'नाट्यमन्वंतर'च्या रंगभूमीवरून आलेल्या. पण 'कंगन', 'बंधन' यांसारख्या चित्रपटांनी त्यांचे नाव आधी झाले, मग साबणवाले त्यांच्या दारी आले. पर्सिसच्या बाबतीत नेमके उलटे घडले. नाव कोणाला ठाऊक नव्हते, चेहराच तेवढा ठाऊक होता. मॉडेल या व्यवसायाची सगळी गंमत आणि सगळे दुखणे या एका फरकात आहे.

१९६५ मध्ये ती 'फेमिना'ची मिस इंडिया झाली. 'फेमिना'ने ही स्पर्धा आदल्याच वर्षी सुरू केली होती. मेहेर कॅस्टेलिनो पहिली, पर्सिस दुसरी. वय अवघे सोळा! आपल्याकडे त्या काळी या वयाच्या मुली मॅट्रिकचा अभ्यास करीत. त्याच उन्हाळ्यात ती विश्वसुंदरीच्या स्पर्धेसाठी अमेरिकेत मायामी बीचला गेली. आजच्या स्पर्धक मुलींमागे केशभूषाकार, वेषभूषाकार, बोलायला शिकवणारे अशी फौज असते. पर्सिस आयत्या वेळी दुकानातून घेतलेले तयार कपडे घालून उभी राहिली. मुकुट थायलंडच्या मुलीला मिळाला.

इथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वेळी मुंबईत दूरदर्शन नव्हते. दिल्लीत १९५९ साली प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले होते, पण मुंबई केंद्र उघडले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. योगायोग असा की, तो पर्सिसचा चोविसावा वाढदिवस! दूरदर्शनवर जाहिराती येऊ लागल्या त्या तर १९७६ पासून. म्हणजे साठ-पासष्ट सालच्या मॉडेलला जागा किती? साप्ताहिक-मासिकांची पाने, रस्त्यावरचे फलक, आणि चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवले जाणारे जाहिरातपट. विविध भारतीवर १९६७ पासून जाहिराती आल्या खऱ्या, पण रेडिओला चेहऱ्याचा काय उपयोग?

या व्यवसायात शिडी अशी नव्हतीच. होती ती एकच पायरी. त्या पायरीवर उभे राहून अनेक मुलींनी एक-दोन वर्षे छायाचित्रे काढून घेतली आणि मग लग्ने केली. काहींनी वेगळी वाट धरली. १९६६ साली विश्वसुंदरीचा 'मिस वर्ल्ड' हा किताब जिंकणारी रीटा फरिया मुंबईची, गोमंतकीय घराण्यातली, ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. किताबाचे वर्ष संपताच ती पुन्हा वैद्यकाच्या पुस्तकांकडे वळली आणि डॉक्टर झाली. तिच्यापाशी परत जायला पुस्तके होती. पर्सिसपाशी चेहरा होता, आणि जिद्द.

एअर इंडियासाठी, रेव्हलॉनसाठी, गार्डन वरेलीच्या साड्यांसाठी तिने काम केले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६७ साली 'बंबई रात की बाहों में' या चित्रपटात तिला घेतले. पण हिंदी चित्रपटात तिचे बस्तान बसले नाही. ती लंडनला गेली, तिथे मॉडेलिंग करू लागली, आणि १९७५ साली दोन इंग्रजी चित्रपटांत दिसली: 'कंडक्ट अनबिकमिंग' आणि 'द विल्बी कॉन्स्पिरसी'. दुसऱ्यात सिडनी पॉइटिए आणि मायकेल केन यांच्यासारखे बडे नट होते. छापील पानावरचा चेहरा बोलू लागला होता.

विमा कंपनीचा पेच

अमेरिकेत 'स्टार ट्रेक' नावाची अंतराळप्रवासाची दूरचित्रवाणी मालिका १९६६ ते १९६९ चालली आणि बंद पडल्यावर अधिकच लोकप्रिय झाली. ती नव्याने काढायचे १९७७ साली ठरले, आणि तिच्यातल्या एका नव्या भूमिकेसाठी पर्सिसची निवड झाली. लेफ्टनंट आयलिया! परग्रहावरची स्त्री, आणि त्या ग्रहावरच्या लोकांच्या डोक्यावर केस नसतात.

त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'ने तिकीटखिडकी गाजवली होती. अंतराळातल्या गोष्टीला एवढी गर्दी होते हे पाहून स्टुडिओने मालिकेचा बेत रद्द केला आणि तिचाच मोठा चित्रपट करायला घेतला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. डिसेंबर १९७९ मध्ये तो प्रदर्शित झाला.

ज्या बाईचे केस हेच भांडवल, तिने ते उतरवायचे! पर्सिस आधी उत्साहाने तयार झाली, मग तिच्या मनात पाल चुकचुकली: केस पूर्वीसारखे परत आले नाहीत तर? तिने केसांचा विमा उतरवायचे ठरवले. यात हसण्यासारखे काही नाही; गवयाला गळ्याची काळजी, तशी मॉडेलला केसांची. पण विमा कंपनीपुढे भलताच पेच पडला. केस परत आले ते अगदी पहिल्यासारखेच आले की नाही, हे सिद्ध कसे करायचे? विम्याचा खर्चच इतका निघाला की तिने तो विचार सोडला. त्याऐवजी डोक्याच्या त्वचेवर तज्ज्ञांकडून उपचार करून घेतले आणि वस्तऱ्यापुढे मान झुकवली.

हे वाचताना मी थबकले. ज्या समाजात केशवपन म्हणजे काय याची आठवण अजून पुसलेली नाही, त्या समाजातली मी. माझ्या पणजीच्या डोक्यावर आयुष्यभर आलवणाचा पदर होता. तिला कोणी विचारले नव्हते. पर्सिसला विचारले होते; तिने विचार केला होता, भ्याली होती, हिशेब केला होता आणि मग 'हो' म्हटले होते. बाहेरून दिसायला दोन्ही डोकी सारखीच. पण त्या दोन डोक्यांत जे अंतर आहे, ते अण्णांच्या 'डोकं भादरून घेतलं' या शब्दांत कुठे होते?

त्या केशहीन डोक्याने तिचे सौंदर्य लपले नाही, उलट डोळ्यांत भरले. तो चेहरा जगभर ओळखीचा झाला. १९८० च्या ऑस्कर समारंभात पुरस्कार द्यायला ती मंचावर आली. हा मान मिळालेली ती पहिली भारतीय मानली जाते.

परकी ती परकीच

पण चेहऱ्याने दार उघडले तरी आत कोणत्या खोलीत बसवायचे, ते घरमालक ठरवतो. पुढच्या भूमिका पाहा. १९८१ च्या 'नाइटहॉक्स'मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या विरोधात दहशतवादी स्त्री. 'मॅकगायव्हर' या मालिकेच्या एका भागात अफगाण स्त्री. पहिलीच मोठी भूमिका तर परग्रहावरची! अमेरिकेतल्या एखाद्या गल्लीत राहणारी, दूध आणायला जाणारी, नवऱ्याशी भांडणारी साधी बाई होणे तिच्या वाट्याला फारसे आले नाही. लोकांना तो चेहरा हवा होता. पण तो 'दुसरीकडचा' म्हणून.

आणि शरीर? १९८० साली जर्मनीत मोटार अपघातात ती गंभीर जखमी झाली. डोक्यावर मोठा व्रण राहिला. ज्या डोक्याने कीर्ती दिली त्याच डोक्यावर. १९८३ साली, पस्तिशीच्या आसपास, हृदयावर बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. ज्या धंद्यात शरीर हेच दुकान, त्यात आजारपण म्हणजे दुकानाला कुलूप. तिथे रजा नाही, वैद्यकीय खर्चाची भरपाई नाही, मेहुण्यांच्या कागदावरचा तो भविष्यनिर्वाह निधी नाही. हे मात्र मी त्यांच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

१९८५ च्या सुमारास ती मुंबईला परतली. आता घरोघर दूरदर्शन आले होते. 'हम लोग' १९८४ मध्येच सुरू झाली होती. १९८६ साली 'शिंगोरा' या हिंदी मालिकेत ती दिसली. पण घरच्या पडद्यावरही ती फार काळ राहिली नाही. पुन्हा अमेरिकेत लहानसहान कामे. १९९३ मध्ये 'लॉइस अँड क्लार्क' या सुपरमॅनच्या मालिकेच्या पहिल्या भागात एक छोटी भूमिका.

आणि मग तिने एक असे काम केले ज्यात तिच्या चेहऱ्याची गरज नव्हती. तिने पुस्तक लिहिले. 'प्राइड ऑफ इंडिया', १९९७. तिच्यासारख्याच मिस इंडिया झालेल्या स्त्रियांविषयीचे. ते तिने मदर तेरेसांना अर्पण केले. पुढच्याच वर्षी ती गेली.

'शेवटी काय मिळालं?' अण्णांच्या या प्रश्नाचे उत्तर मला या चरित्रात शोधायचे होते. सापडले ते असे की, प्रश्नच चुकीचा होता. पन्नाशीआधी हृदयविकाराने माणसे बँकेतही जातात. त्यांच्याबद्दल कोणी 'नोकरी करून काय मिळालं?' असे विचारीत नाही. आणि जिला आपल्या आयुष्याची लाज वाटते, ती त्याच वाटेने गेलेल्या बायकांवर पुस्तक लिहीत नाही.

कराराचे व्याकरण

आठ दिवसांनी मी भाचीकडे गेले आणि हे सारे तिला सांगितले. अपघातही सांगितला, ऑस्करही सांगितले. मेहुण्यांना वाटले होते मी भीती घालीन. बहिणीला वाटले होते मी समजूत घालीन. मी कविता चौधरीचीही गोष्ट सांगितली. 'सर्फ'च्या जाहिरातीतली ललिताजी म्हणून तिला सारा देश ओळखायचा; पण १९८९ ची 'उडान' ही मालिका तिने स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात मुख्य भूमिकाही केली, आपल्या पोलीस अधिकारी बहिणीच्या आयुष्यावरून. २०२४ साली ती गेली तेव्हा लोकांना साबणाची पूड आठवली, तशी कल्याणी सिंगही आठवली. चेहरा दुसऱ्यांनी वापरावा, त्याबरोबर आपणही तो वापरावा, हे तिला साधले.

भाचीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मग मी काय करू?"

"आधी करार दाखव," मी म्हटले.

कायदा मला कळत नाही. पण वाक्य कळते. 'आणि' कुठे आहे, 'किंवा' कुठे आहे, कर्ता कोण आणि कर्म कोण, हेच तर मी वीस वर्षे शिकवते आहे. आम्ही दोघी पेन्सिल घेऊन बसलो. एका कलमात लिहिले होते की, छायाचित्रे 'कोठेही व कायमची' वापरता येतील. दुसऱ्यात, तीन वर्षे अन्यत्र काम करता येणार नाही. परंतु संस्थेने काम द्यायलाच हवे असे कोठेही नव्हते. तिसऱ्यात, छायाचित्रसंच तयार करण्याचा खर्च मुलीने आगाऊ भरायचा होता. त्या सबंध कागदात भाची एकदाही कर्ता नव्हती; प्रत्येक वाक्यात ती कर्म होती.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, यात चेहऱ्याचे पैसे मलाच भरायचेत की!"

तिने स्वतःच पत्र लिहिले. मुदत एक वर्ष करा, छायाचित्रांच्या वापराला सीमा घाला, आगाऊ रक्कम भरणार नाही, परीक्षेच्या महिन्यात काम करणार नाही. संस्थेकडून उत्तर आले नाही. ती दोन दिवस रडली. मेहुण्यांना वाटले, प्रकरण मिटले. पण तिसऱ्या दिवशी ती वकिलीण असलेल्या मैत्रिणीच्या आईकडे गेली, आणि स्वतःच्या अटींचा एक पानी मसुदा तयार करून घेऊन आली. तो मसुदा घेऊन ती पुन्हा त्या सराफी पेढीवर गेली. पेढीच्या मालकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, हसले, आणि सही केली. परीक्षा ती देणार आहे. नंतर मुंबईला जायचे की नाही, ते नंतर. जाईल, असे मला वाटते. गेली तर मी अडवणार नाही.

परवा वसुबारसेला ती जाहिरात वर्तमानपत्रात आली. नऊवारी, गळ्यात ठुशी, नाकात नथ. सकाळी मी बहिणीकडे गेले तर मेहुणे बाहेरून येत होते, बगलेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

"किती घेतलेत?" मी विचारले.

"बारा," ते जरा ओशाळून म्हणाले. "बँकेत दाखवायला लागतील."

मला अण्णांची आठवण झाली. त्यांनीही असाच गठ्ठा घरी आणला होता. पण तो कोणाला दिसू नये म्हणून. संध्याकाळी भाची माझ्याकडे फराळाला आली तेव्हा मी ट्रंक उघडली आणि १९९९ चे ते कॅलेंडर तिच्यापुढे ठेवले. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण नथीतली मुलगी तशीच हसत होती.

ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग आपल्या नव्या व्यवहारी आवाजात विचारले, "मावशी, तुला याचे किती मिळाले गं?"

मी म्हटले, "दोन डझन टॉवेल."